लेंड्या, मीठपाणी आणि आजींची शेळी

आज सकाळी सहाला निघालो तरी दिवे घाटातल्या ट्रॅफिकमुळे सासवडच्या पुढे पोचायला नऊ वाजले. काम काय, तर शेळ्यांच्या लेंड्या गोळा करायच्या. हो, माझी पीएचडी म्हणजे हेच, घरी अजून नीट सांगितलेलं नाही 😄

एका आजींची शेळी पंधरा दिवसांपूर्वी व्यायलेली, पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक, जबड्याखाली सूज. आजी म्हणाल्या, "व्यायच्या आधी चांगली टुणटुणीत होती की गं, आत्ताच काय झालं हिला?"

प्रश्न एकदम बरोबर. हिमाँकस नावाचा जंत शेळीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली, म्हणजे हजार जंत असले तर रोजचं ५० मिली गेलं. एरवी इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी), अँटीबॉडी, चिकट म्युकस असं सगळं मिळून त्यांना दाबून ठेवतं, पण विण्याच्या आसपास ही इम्युनिटी ढिली पडते आणि जंतांच्या माद्या धडाधड अंडी घालतात, तीच लेंड्यांतून बाहेर येतात, एकेक दिवसाला पाच-पाच हजार. वर जंत स्वतःच अशी प्रोटीन्स सोडतात की शेळीचा हल्ला मंदावतो, डांबरट मेले!

दुपारी लॅबमध्ये लेंड्या मीठपाण्यात कुस्करून, गाळून, मॅकमास्टर स्लाइडवर (अंडी मोजायची चौकटी आखलेली काच) अंडी मोजली, दोनदा आकडा विसरले. शेवटी मोजलेली ८४ गुणिले ५० (या पद्धतीचा ठरलेला गुणक), म्हणजे लेंड्यांच्या ग्रॅममागे ४२०० अंडी.

आजींना फोन केला, तर "मग सगळ्याच शेळ्यांना पाजू का औषध?" म्हटलं नको, सरसकट पाजलं की जंतच औषधाला दाद देईनासे होतात. पटलं नाही बहुतेक, "बघते" म्हणाल्या.