तुम्ही विचारलंत म्हणून: तुम्हाला तुमचाच माणूस कशाला हवा?

"काम करणारा कुणीही असला तर काय बिघडलं, निवडणुकीत तुम्हाला तुमच्याच समाजाचा माणूस कशाला लागतो?" ऑफिसात, ट्रेनमध्ये, शाळेच्या ग्रुपवर हे सारखं विचारलं जातं. विचारणारे बहुतेक भले लोक असतात, म्हणून आजवर मी विषय बदलत आले.

आम्ही कोकणातले मुसलमान. आमच्या घरात सगळ्यांनी जन्मभर बहुतेक हिंदू उमेदवारांनाच मतं दिलीत, त्यातल्या काहींनी कामंही चांगली केली, आमची काही तक्रार नाही. मग हा प्रश्न आम्हालाच का? २०२४ च्या लोकसभेला राज्यात ४८ जागा होत्या, महायुती आणि महाविकास आघाडी या दोन्ही आघाड्यांनी मिळून एकही मुसलमान उभा केला नाही. त्याच वर्षी विधानसभेला २८८ पैकी १० मुसलमान आमदार निवडून आले, आणि राज्यात मुसलमानांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेअकरा टक्के.

कॉलेजात असताना मीही हेच म्हणायचे, नाव कशाला बघायचं, काम बघा. आमच्या कोकणातलेच, मुसलमान असलेले अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला, संजय गांधी निराधार योजनाही त्यांच्याच काळातली, ते काय फक्त मुसलमानांसाठी होतं का, असं भांडायचे. तो मुद्दा मला आजही पटतो. पण मग माझ्या भावाच्या तिकिटाचं प्रकरण झालं.

भाऊ कित्येक वर्षं एका पक्षाचं काम करत होता. मतदार यादी त्याला तोंडपाठ, कोण मुंबईला गेलं, कुणाचं नाव दोनदा आलंय, सगळं. नगरपरिषदेला आमचा प्रभाग खुला झाला, मुलाखतीत "तुझंच फायनल" म्हणाले. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तो कागदपत्रांची फाइल घेऊन निवडणूक कार्यालयाबाहेर उभा, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवार म्हणून द्यायचं पत्र, येतोय येतोय करत दोन वाजले. तीनला मुदत संपणार. अडीचच्या सुमाराला एक पदाधिकारी आला, खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "अरे, तुमची मतं कुठे जाणारेत? तुला उभा केला तर आपली बाकीची जातील." फॉर्म दुसऱ्याला गेला होता. तो माणूस वाईट नाही हो, आमच्या आजीला दवाखान्यात न्यायला यानेच गाडी दिली होती. आणि त्याच रात्री तो आमच्या घरी आला, चहा प्यायला, म्हणाला मोहल्ल्यात स्लिपा वाटायला बायका लागतील, तुम्ही बघाल ना. अम्मी हो म्हणाली. मतदानाच्या दिवशी भाऊ त्याच पक्षाचा पोलिंग एजंट म्हणून सकाळपासून बूथवर बसला.

तेव्हा "काम बघा" म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, त्याचं काम कुणी बघितलं?

आमदार हसन मुश्रीफांचं उदाहरण मला लगेच दिलं जातं, आणि ते खरंच आहे. त्यांच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल मतदारसंघात मुसलमान मतं थोडी, तरी १९९९ पासून सहा वेळा निवडून आलेत. म्हणजे लोक मत देतात, आधी कुणीतरी तिकीट द्यायला हवं ना! उलट हेही मान्य करते की आपला आमदार असला म्हणून आपलं काम होतंच असं नाही. २०१४ ला मुसलमानांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, मग सरकार बदललं, हायकोर्टाने शिक्षणापुरता तो राहू दिला, पण त्याचा कायदा झालाच नाही, तो संपला. सभागृहात तेव्हाही मुसलमान आमदार होतेच. मग मी कशासाठी भांडतेय असं कधी कधी वाटतं. पण तिथे आपल्याबद्दल बोलणं होतं आणि आपलं कुणी नसतंच, हे त्याहून जास्त लागतं.

भावाला म्हणते पुढच्या वेळी अपक्ष भर. तो म्हणतो मतं फुटतील आणि जो नको तोच येईल. हिशोब त्याचा बरोबर आहे, पण याच हिशोबावर त्याचं तिकीट कापलं, आणि हे मी बोलले की तो उठून बाहेर जातो.