नऊ खुणा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

फेलोशिपच्या अर्जात ‘माध्यम’ असा एक रकाना होता. चित्र, ध्वनी, शिवण, नाट्यप्रयोग असं सगळंच लिहून टाकलं होतं आणि स्वतःवरच खूश झाले होते. आज लालबागच्या काकींनी तो माज उतरवला.

गेले दोन महिने गिरणगावातल्या बायकांकडून जुनी लुगडी जमवतेय. सगळ्यांची मिळून एकच मोठी गोधडी, आणि जिची तिची आठवण तिच्या तिच्या तुकड्यावर टाचलेली, असा बेत. मी विचारायची गिरणी कामगारांच्या संपाबद्दल. १८ जानेवारी १९८२, अडीच लाख कामगार, पुढारी दत्ता सामंत. बायका ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “ते ह्यांना विचार.” रेकॉर्डर पुढे ठेवला की बोलणं बातम्यांसारखं व्हायचं.

काकी म्हणाल्या, “ता बंद कर आधी, मगे सांगतंय.”

बंद केला. सुईत दोरा ओवून दिला.

काकींची खानावळ होती. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे कोकणातले गडी त्यांच्याकडे जेवायचे. (अशाच खानावळवाल्या बायांना जमवून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. काकी त्यात गेल्या नाहीत. “माका वेळ खंय होतो?”) गिरणीचा भोंगा हेच त्यांचं घड्याळ.

काकींना लिहिता येत नाही. मग उधारी कशी ठेवायच्या? प्रत्येक गड्याची एक खूण. छत्री, मिशी, चष्मा, मासा. पुढे जेवलेल्या दिवसांच्या रेघा. कलाशाळेत इतकी वर्षं काढूनही मला एवढं नेमकं चित्र जमत नाही! संपात पगार थांबले, ताटं थांबली नाहीत, रेघा वाढत गेल्या. मग एकेक जण वळकटी बांधून गावी गेला. वही एका पावसाळ्यात भिजून गेली. खुणा काकींच्या डोक्यात राहिल्या.

शिंप्याच्या खडूने त्यांनी हिरव्या लुगड्यावर नऊ खुणा काढल्या. माझा प्रश्नांचा कागद पिशवीतच राहिला.

काढून झाल्यावर जरा थांबल्या आणि माशावर तळवा फिरवून तो पुसून टाकला.

“काय झालं, काकी?”

“ह्येना दिल्यान मगे. चार वर्सांनी इलो, तांदूळ घेवन.”

म्हणजे टाचायच्या आठच. पण माशाच्या जागी खडूचा पांढुरका डाग राहिलाय. तो झटकायचा की तसाच ठेवायचा, उद्या त्यांनाच विचारते.