पाळणाघराची तयारी: वहीतलं आणि वहीबाहेरचं

कामावर रुजू व्हायची तारीख ठरली तेव्हा लेक साडेसात महिन्यांची होती. हातात सहा आठवडे होते. पुष्कळ झाले, असं वाटलं. बाटलीची सवय, एकटीने झोपायची सवय, दुसऱ्या माणसांची सवय, प्रत्येकीला दोन-दोन आठवडे. वहीत तसे रकाने आखून मी मोकळी झाले.

पहिले दोन आठवडे बाटलीने खाल्ले. दूध माझंच, काढून कोमट केलेलं, तरी ती तोंड फिरवायची. तीन प्रकारची निपल बदलली. एकदा तर तिने निपल चावून, त्याच्याशी खेळून, मग शांतपणे माझा गळा ओढायला सुरुवात केली. तिचंही बरोबरच होतं म्हणा. खरी सोय समोर बसलेली असताना रबर कोण चोखेल? डॉक्टर म्हणाल्या, ‘तुम्ही देऊ नका. वडिलांना देऊ दे, आणि तुम्ही त्या वेळी घरातच थांबू नका.’ मी चप्पल घालून खाली चकरा मारत बसले. वर आले तर नवऱ्याच्या शर्टावर निम्मं दूध, पण दोन-चार घोट पोटात गेले होते, तेही वाटी-चमच्याने. बाटली तिने शेवटपर्यंत घेतली नाहीच. पुढे छोट्या कपातून प्यायला लागली. बाटली म्हणजे एक भांडंच, हे कळायला मला दोन आठवडे लागले.

दूध साठवायचे आकडे मी फ्रिजच्या दारावर चिकटवले होते, कारण झोपमोडीत काही म्हणता काही लक्षात राहत नव्हतं. ताजं काढलेलं दूध खोलीत, फार उकाडा नसेल तर, 4 तासांपर्यंत. फ्रिजमध्ये 4 दिवस, तेही आतल्या बाजूला, दारात नाही. फ्रीझरमध्ये साधारण 6 महिन्यांच्या आत वापरलेलं चांगलं. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये वितळलं की 24 तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने उष्टं केलेलं 2 तासांनंतर टाकून द्यायचं. हे टाकणं फार जिवावर येतं, म्हणून मी 50-60 मिलिलिटरच्याच पिशव्या भरायला लागले. दूध गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच कोमट करायचं. मायक्रोवेव्हमध्ये ते कुठे गार राहतं तर कुठे इतकं तापतं की बाळाचं तोंड भाजेल. दूध थोडा वेळ राहिलं की वर साय आल्यासारखा थर दिसतो. पहिल्यांदा ते नासलं समजून मी ओतून दिलं होतं. हलकेच हलवलं की मिसळतं.

झोपेचा रकाना मात्र पार फसला. ती अंगावर पिता-पिताच झोपायची, जन्मापासून. ती सवय मोडायला मी रोज दुपारी तिला जागीच खाली ठेवायचे. ती रडायची, मग मी रडायचे, मग दोघी जुन्याच पद्धतीने झोपायचो. दहाव्या दिवशी नाद सोडला.

पाळणाघरात द्यायला मी दोन पानी सूचना लिहून नेल्या. तिथल्या ताईंनी त्या उभ्या-उभ्या वाचल्या, घडी घालून कपाटात ठेवल्या आणि एकच विचारलं, ‘भूक लागल्यावर कशी रडते आणि झोप आल्यावर कशी?’ हे काही मी लिहिलं नव्हतं. भुकेला हात तोंडात घालते, झोपेला कान ओढते, असं सांगता-सांगता मलाही ते नव्यानेच लक्षात आलं. झोपेचं मी खाली मान घालून सांगितलं, गृहपाठ न केलेल्या मुलीसारखं. त्या म्हणाल्या, ‘असू दे. इथे मी आहे, तुम्ही नाही. इथली झोप वेगळी लागेल.’ मला ते पटलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मी कोपऱ्यात बसून राहिले, अर्धा-पाऊण तास. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं बाहेर जायचं ठरलं होतं आणि इथे मी घोडचूक केली. ती डब्यात ठोकळे टाकण्यात दंग होती, म्हणून हळूच सटकले. अनेकींनी तसंच सुचवलं होतं: लक्ष नसताना निघावं, म्हणजे रडारड नाही. परत आले तेव्हा ती हुंदके देत होती. त्यानंतर दोन दिवस घरी मला न्हाणीघरातसुद्धा जाऊ देईना. आठव्या-नवव्या महिन्यात मुलांना कळू लागलेलं असतं की दिसेनाशी झालेली आई कुठेतरी आहे. ती परत येईल की नाही, हे मात्र अजून कळत नसतं. मी नेमकी त्याच फटीत पाय घातला होता.

ताईंनी बजावलं, ‘चोरून जायचं नाही. रडली तर रडू दे, पण सांगून जा. आणि सांगितलं की निघा.’ हे दुसरं वाक्य पहिल्याहून अवघड निघालं. मी सांगायचे, दारापर्यंत जायचे, वळायचे, पुन्हा एक पापा घ्यायचे. तिसऱ्या फेरीला ताईंनी सरळ दारच लोटलं. बाहेर घड्याळ लावून उभी राहिले. चार मिनिटांनी आवाज थांबला. ती चार मिनिटं मला अजून आठवतात, तिला नसतील. तेव्हापासून एकच ठरलेलं वाक्य: ‘आई कामाला जाते, खाऊ झाला, झोप झाली की येते.’ घड्याळ तिला कळत नाही, खाऊनंतर झोप हे कळतं.

वेळ वाढवत अर्ध्या दिवसावर आलो आणि ताईंचा फोन आला की ती झोपली. पाठीवर निजवून, नुसता छातीवर हात ठेवून, वीस मिनिटांत. हातात धरायला तिचं जुनं दुपटं दिलं होतं, झोप लागल्यावर ते त्यांनी काढून घेतलं, कारण वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपेत मोकळं कापड, उशी असलं काही ठेवत नाहीत. मला आनंद झाला. आणि खरं सांगते, थोडं झोंबलंही. दहा दिवस मी काय केलं मग?

रुजू झाले ते गुरुवारी. हे मुद्दाम मागून घेतलं होतं: पहिला आठवडा दोनच दिवसांचा. जमत असेल तर प्रत्येकीने करावं. पहिल्या महिन्यात दोनदा सर्दी, एकदा ताप, तापात पाळणाघर घेत नाही, तेव्हा रजा शिल्लक हवीच. दिवसा ती दूध कमी प्यायची आणि ती उधारी रात्री वसूल करायची. महिनाभर मी कामावर अर्धवट झोपेतच होते. संध्याकाळी मला पाहताच भोकाड पसरायची, तेव्हा दिवसभर हाल झाले असतील असंच वाटायचं. ताई म्हणायच्या, दिवसभर हसत होती, हे तुमच्यासाठी राखून ठेवलेलं.

परवा सुट्टीच्या दुपारी म्हटलं, आता शिकलीच आहे तर घरीही करून बघू. पाठीवर निजवली, छातीवर हात ठेवला, अगदी ताईंसारखा. तिने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, उठून बसली आणि कान ओढत-ओढत माझ्या मांडीवर चढली.