वारस नोंदीत आजीचं नाव का सुटतं

दहावं-तेरावं उरकलं की सातबाऱ्याचा विषय निघतो. तलाठ्याकडे द्यायचा अर्ज कुणीतरी लिहायला घेतं. मुलगे आणि मृताची बायको यांची नावं लगेच पडतात, लग्न झालेल्या मुलींचं ‘नंतर बघू’ होतं. आणि जिचा मुलगा गेला ती म्हातारी आई तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे पहिले वारस म्हणजे वर्ग १ चे. त्यात मुलगे, मुली, पत्नी आणि आई येतात, शिवाय आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं आणि आधी वारलेल्या मुलाची विधवा. वडील या वर्गात नाहीत, आई आहे, आणि तिचा हिस्सा मुलाइतकाच आहे.

समजा, मृताच्या नावावर स्वतः घेतलेली ५ एकर, म्हणजे २०० गुंठे जमीन आहे. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. वारस पाच, प्रत्येकी ४० गुंठे. आता दोन वर्षांनी आजीही मृत्युपत्राविना वारली. तिचे ४० गुंठे सगळे नातवांकडे येतील असं घरात गृहीत धरतात, पण तसं होत नाही. स्त्रीच्या वारसांचा क्रम वेगळा आहे, कलम १५ चा. आजोबा आधीच वारलेले असतील, तर तिचा हिस्सा तिच्या सगळ्या मुला-मुलींत जातो. तिला एकूण दोन मुलगे आणि दोन मुली होत्या असं धरा. मग १० गुंठे काकांना, १०-१० दोन्ही आत्यांना आणि वारलेल्या मुलाच्या वाट्याचे १० त्याच्या तीन मुलांत. सुनेला आजीच्या हिश्शातून काही मिळत नाही. म्हणजे जी जमीन ‘फक्त आमची’ वाटत होती, तिच्यात ३० गुंठ्यांपुरते काका आणि आत्या आले. विक्रीच्या वेळी घेणाऱ्याचा वकील जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढतो आणि व्यवहार नेमका इथे थांबतो.

म्हणूनच दोन मृत्यू झाले असतील तर दोन फेरफार करावेत, मृत्यूच्या तारखांच्या क्रमाने. एकाच अर्जात सगळं उरकलं की मधल्या वारसाचा हिस्सा कागदावरून नाहीसा होतो. कायद्याने तो तसाच असतो.

वडिलोपार्जित मिळकतीचं गणित निराळं आहे. तिथे मुलगी २००५ च्या दुरुस्तीने जन्मतःच मुलासारखी सहहिस्सेदार आहे. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र उघडता येत नाही.

आता प्रत्यक्ष नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. अर्ज सजावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन. सोबत मृत्यू दाखला, आठ-अ उतारा (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा), रेशन कार्डाची प्रत आणि सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ता, नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र. वंशावळ हाताने काढून जोडली तर चौकशी सोपी जाते. जमीन दोन गावांत असेल तर दोन अर्ज लागतात. यात सगळ्यात जास्त अडतं ते नावावर: मृत्यू दाखल्यावर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरंच. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

तलाठी अर्ज नमुना ६क, म्हणजे वारस नोंदवहीत घेतो आणि गावात चौकशी करतो. मंडळ अधिकाऱ्याने वारस ठरवले की नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, नोटिसा निघतात, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मग नोंद प्रमाणित होते. लेखी हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. हे मात्र पक्कं लक्षात घ्या की फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. नोंद महसुलापुरती असते, हक्काचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो.

बहिणींची नावं कबजेदार सदरी, म्हणजे सातबाऱ्यावर मालकांच्या रकान्यात, न लिहिता ‘इतर हक्क’ रकान्यात ढकलायची जुनी सवय अजून गेलेली नाही. मला ही सरळ अन्यायाची गोष्ट वाटते. बहीण वारस असेल तर तिचं नाव भावांच्या शेजारीच हवं. तसंच थोरल्या भावाच्या नावापुढे ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असेल तर बाकीच्या भावंडांचे हिस्से त्या एका नावामागे दडलेले असतात. सगळ्यांची नावं दाखल करून घ्या.

बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. स्टॅम्प पेपरवरची नोटरी किंवा साडीचोळी देऊन घेतलेली सही त्याला पुरत नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा हक्क मुलीकडून सोडवून घेतात, तेही बहुतेक वेळा टिकत नाही, कारण तेव्हा तिच्याकडे सोडायला हक्कच नसतो. क्रम असा ठेवा: आधी तिचं नाव लावा, मग हक्कसोड. आणि वारस अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असेल तर त्याला वारशाने आलेला हिस्सा आई परस्पर विकू किंवा सोडू शकत नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.

बँकेत नॉमिनी असला तरी पैसे त्याचे होत नाहीत. तो ते वारसांसाठी स्वीकारतो. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाबाबत हेच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सांगितलं. आयुर्विम्यात मात्र पालक, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५ पासून ते लाभार्थी धरले जातात. नॉमिनी नसेल आणि बँकेने कोर्टाचा कागद मागितला, तर ठेवी-शेअर्ससाठी १९२५ च्या कायद्याचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. वारस कोण हे ठरवून घ्यायचा वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. दोन्ही अर्ज दिवाणी कोर्टातच, पण कागद वेगळे आहेत. बँकेला नेमका कोणता हवा ते लेखी विचारा.

नोंद प्रमाणित झाली की डिजिटल सातबारा काढा आणि प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर तपासा. अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणून आईचं नाव असेल. मूल १८ वर्षांचं झालं की ते आपोआप निघत नाही. वयाचा पुरावा जोडून वेगळा अर्ज करावा लागतो.