कापायचं की ठेवायचं?

गुरुवार, रात्र

घरातले सगळे झोपलेत. आजचं आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या डोक्यात दुसरंच काहीतरी असेल.

इथे कॅलिफोर्नियात, आमच्या डी अँझा कॉलेजात, सध्या मीडियाच्या वर्गाचं ऑडिओ स्टोरीचं काम चाललंय. कॉलेजातल्याच कुणाची तरी मुलाखत घेऊन ती तीन मिनिटांत बसवायची. मी माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाची घेतली. तो रात्री गोदामात काम करतो आणि सकाळी तिथून थेट वर्गात येतो. "मग झोपतोस कधी?" असं विचारलं, तर तो गप्पच झाला. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जागी निळी रेघ आडवी पडलेली दिसते. मागे कुणीतरी खुर्ची सरकवतं. मग तो म्हणतो, "बसमध्ये."

ती आडवी रेघ कापायची की ठेवायची, यावरून आज वर्गात जोरदार वाद झाला. बाईंनी दोन्ही प्रकारे ऐकवलं. मधली शांतता काढली की मुलगा एकदम चुणचुणीत, जवळजवळ बेफिकीर वाटतो. ती ठेवली की त्याचा शीण ऐकू येतो. शब्द तोच, आवाज त्याचाच, आणि माणूस मात्र दुसरा! आमच्या वर्गात सत्तरीचे एक आजोबा आहेत, जन्मभर प्लंबिंग केलेले. ते म्हणाले, ऐकणाऱ्याचा वेळ खाऊ नका, कापा. एका व्हिएतनामी मुलीचं म्हणणं, आपण कोण ठरवणार, त्याला विचारा. मी ठेवायच्या बाजूने भांडले.

लहानपणी पुण्याला सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या. सुधा नरवणे यांचा आवाज आला की आईचा हात डबे भरताना आणखी भराभर चालायचा. त्या बातम्यांत काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी रोज बसून ठरवत असणार, हे तेव्हा मनातही आलं नाही. आता प्रत्येक बातमी ऐकताना तेच मनात येतं.

आमचं कॉलेज म्हणजे 'कम्युनिटी कॉलेज', दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. इथल्या आपल्या मराठी मंडळींत हे नाव काढलं की चेहरे जरा पडतात. कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून तिथे, असा सूर लागतो. मला त्याचा मनापासून राग येतो. अठरा वर्षं पूर्ण झाली की इथे कुणालाही दार उघडं असतं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. इथल्या रहिवाशाला आमच्याकडे अभ्यासक्रमाच्या एका युनिटला (श्रेयांकाला) ३१ डॉलर फी पडते आणि दोन वर्षांनी सॅन होजे स्टेट किंवा बर्कलीसारख्या विद्यापीठातही जाता येतं. (१९८४ साली स्टीव्ह जॉब्सनी पहिला मॅकिंटॉश लोकांसमोर आणला तो आमच्याच कॉलेजच्या फ्लिंट सेंटरमध्ये. हे मी त्या मंडळींना आवर्जून सांगते.) आणि आजचा तो वाद? तो निवडून निवडून घेतलेल्या, एकाच वयाच्या मुलांच्या वर्गात असा रंगलाच नसता. मीडिया शिकायचा तर तो रात्रपाळीवाला आणि ते आजोबा दोघंही शेजारी हवेत.

त्या मुलीचं म्हणणं मात्र डोक्यातून जात नाहीये. उद्या त्याला दोन्ही ऐकवणार आहे. ती शांतता त्याला नकोच असली, तर माझा हट्ट सोडायचा की दुसराच माणूस शोधायचा, ते अजून ठरत नाहीये. सोमवारी काम द्यायचंय.