बाळ रडतंय म्हणजे भूकच लागलीय का?

माझी लेक दीड महिन्याची असताना रोज संध्याकाळी सहा ते नऊ नुसती रडायची, आणि घरात एकच वाक्य, अगं दूध पुरत नसेल तिला, वरचं चालू कर. खूप लागायचं मनाला ते.

मग हळूहळू कळायला लागलं. खरी भूक असली की रडण्याच्या आधीच ती मुठी तोंडात घालायची, ओठ चाटायची, गालाला बोट लागलं की तिकडे मान वळवून तोंड उघडायची, रडणं तर शेवटी येतं. आणि पोट भरलं की घट्ट मुठी आपोआप सैल. पण पाच मिनिटं ओढून सोडून द्यायची, पाठ ताणायची, तेव्हा बहुतेक ढेकर अडकलेली नाहीतर झोप आलेली असायची, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या की शांत.

कधीकधी संध्याकाळी दर अर्ध्या तासाला प्यायचीच, तेही नॉर्मल असतं, तेव्हा मी पाजतच राहायचे. खात्री वाटत नसेल तर लंगोट मोजा, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा तरी ओले होतायत आणि वजन वाढतंय म्हणजे दूध पुरतंय. कमी होत असतील किंवा बाळ सुस्त वाटलं तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.