आपत्कालीन सरावात प्रवक्त्याच्या खुर्चीत

सरावासाठी रचलेला प्रसंग असा होता: बंद पडलेल्या रेडिओथेरपी यंत्रातला किरणोत्सर्गी सीझियमचा स्रोत भंगारात गेला आणि फुटला. हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालेलं नाही. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली असंच घडलं होतं. तिथे चार जण दगावले, २४९ जणांना किरणोत्सर्गी पदार्थाची बाधा झाल्याचं आढळलं. पण तपासणी करावी लागली सुमारे १ लाख १२ हजार लोकांची. या दोन आकड्यांच्या मधले जे लोक, त्यांच्याशी बोलणं हे आम्हा जनसंपर्कवाल्यांचं काम.

नियंत्रक मंडळी थोड्या थोड्या वेळाने चिठ्ठी आणून देत. प्रत्येक चिठ्ठीवर ‘सराव, सराव, सराव’. फोनवर बोलतानाही आधी तेच. सुरुवातीला हसू येतं, पण यातला एखादा मजकूर बाहेर फिरला तर खरोखरची घबराट उडेल हे लक्षात आलं की कुणी हसत नाही.

बनावट समाजमाध्यमावर अफवा आली: आयोडीनच्या गोळ्या घ्या, वाचाल. या गोळ्या फक्त थायरॉइडला आणि तेही फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवतात. सीझियमपुढे त्यांचा काही उपयोग नाही. दोन ओळींचा खुलासा मी लगेच लिहिला. तो आधी तज्ज्ञांकडे गेला, मग विभागप्रमुखांकडे, मग पुन्हा तज्ज्ञांकडे, कारण एका शब्दावर त्यांचं समाधान होत नव्हतं. सह्या होईपर्यंत पडद्यावर लोक औषधांच्या दुकानांसमोर रांगा लावून मोकळे झाले होते.

पत्रकार परिषद त्याहून कठीण. पत्रकाराची भूमिका करणाऱ्या बाईंनी आमचे किरणोत्सर्गाच्या मात्रेचे, मायक्रोसिव्हर्टमधले आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, “तुमचं घर तिथे असतं, तर आज मुलांना शाळेत पाठवलं असतं का?” शेजारी बसलेले तज्ज्ञ माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, “घेराबंदीच्या आत घर असतं तर नाही, बाहेर असतं तर हो. सीमारेषा अजून पक्की नाही. मोजणी चालू आहे. सहा वाजता पुन्हा सांगते.” काय कळलंय, काय कळायचंय, पुढची माहिती कधी, सांगण्यासारखं तेव्हा तेवढंच होतं.

लगेच झालेल्या आढावा बैठकीत सगळा वेळ सह्यांवरच गेला, आणि तो जायलाच हवा होता. भाषा कितीही सोपी केली तरी निवेदन टेबलावर अडकलं तर काय उपयोग? आता पहिल्या तासाच्या निवेदनाचे मसुदे आधीच मंजूर करून ठेवलेत. त्यात फक्त जागा, वेळ आणि सूचना भरायच्या. एक तज्ज्ञ आमच्याच खोलीत बसणार, आणि खुलाशाला त्यांची एकट्याची सही पुरेल.

पुढच्या सरावाची तारीख आम्हाला कळवू नका, असं मी आयोजकांना लिहून दिलंय. विभागातले काही जण त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.